मोनेचा हिरवा पूल तांबडा कसा झाला: एका मोतीबिंदूचा प्रकरण अभ्यास

लंडनच्या नॅशनल गॅलरीत फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेचं १८९९ सालचं एक चित्र आहे, साधारण ८८ बाय ९३ सेंटीमीटर, म्हणजे जवळपास चौरसच. बागेतलं तळं, तळ्यावर वॉटर लिलीची पानं-फुलं, मागे झाडांची गर्दी, आणि ह्या काठापासून त्या काठापर्यंत कमान टाकलेला लाकडी पूल. सगळं हिरवं-निळसर, मधे मधे पांढरा आणि फिका गुलाबी. आता न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमधलं त्याच पुलाचं चित्र बघा, साधारण १९२० ते २२ च्या आसपासचं. तांबडा, नारिंगी, तपकिरी, रंगाचे जाडजूड थर एकमेकांत गुंतलेले, आणि खाली नाव लिहिलं नसतं तर हा पूल आहे हे कळायला बराच वेळ गेला असता.

हिरव्याचा तांबडा का झाला ह्याच्यावर ठरलेलं उत्तर असतं, मोनेला मोतीबिंदू झाला होता, संपला विषय. उत्तर चूक नाहीये, पण ते अर्धं आहे आणि उरलेलं अर्धं जास्त इंटरेस्टिंग आहे असं माझं मत. म्हणून हे प्रकरण जरा नीट उलगडून बघू, तळं कसं झालं इथपासून ते त्या तांबड्या रंगाचं खापर नक्की कोणावर फोडायचं इथपर्यंत.

तळं आधी, चित्र नंतर

मोने १८८३ ला झिव्हेर्नीत राहायला आला. पॅरिसच्या वायव्येला, सेन नदीजवळ, नॉर्मंडीच्या वेशीवरचं छोटं गाव. घर आधी भाड्याचं, १८९० ला विकत घेतलं, पुढे फुलबाग केली. मग फेब्रुवारी १८९३ मधे रस्ता आणि रेल्वेलाईनच्या पलीकडचा जमिनीचा तुकडा घेतला, तिथे एक लहानसं डबकंवजा तळं होतं आणि शेजारून एप्त नदीचा एक फाटा वाहत होता. त्या फाट्याचं पाणी आपल्या तळ्यात वळवायचं तर सरकारी परवानगी पाहिजे, म्हणून अर्ज केला, आणि गावकरी भडकले. लोक त्या पाण्यात कपडे धुवायचे, गुरं तिथेच पाणी प्यायची, आणि हा बाहेरून आलेला माणूस कुठली कुठली परदेशी झाडं लावणार आणि पाणी नासवणार अशी भीती होती (पाटाच्या पाण्यावरनं आपल्याकडे काय काय होतं हे माहीत असलेल्याला ह्यात नवल वाटणार नाही). मोने तेव्हा रुआँला कॅथेड्रलची चित्रं करत होता, तिथनं त्याने आलिसला, म्हणजे बायकोला, चिडून लिहिलं की ती पाणवनस्पतींची रोपं नदीत फेकून द्या, मला आता काही ऐकायचं नाही. राग पुढे निवळला. जुलैमधे त्याने प्रिफेक्टला, म्हणजे आपल्या भाषेत कलेक्टरला म्हणा, पत्र लिहून समजावलं की ही बाग डोळ्यांच्या सुखासाठी आहे आणि चित्रांना विषय मिळावेत म्हणून आहे. परवानगी आली.

चित्रांना विषय मिळावेत म्हणून, हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण पुढे तो कामाला येतो. मोने सापडलेला निसर्ग रंगवत नव्हता, आधी तो स्वतः निसर्ग रचायचा आणि मग रंगवायचा. कुठे विलो लावायचा, पाण्यावर लिलीचे पुंजके किती पसरू द्यायचे, किती छाटायचे, सगळं त्याच्या हुकमाने. पुढे तळ्यासाठी वेगळा माळी होता जो होडीतून फिरून पानं साफ करायचा. शेजारच्या रस्त्यावरून मोटारी जायला लागल्या आणि धूळ लिलीच्या पानांवर बसायला लागली तेव्हा रस्त्यावर डांबर टाकायला मोनेने स्वतःच्या खिशातनं पैसे घातले.

लिली पण साध्या नव्हत्या. युरोपच्या थंडीत बाहेर टिकणारी लिली तोपर्यंत पांढरीच असायची. दक्षिण-पश्चिम फ्रान्समधल्या लातूर-मार्लियाक नावाच्या माणसाने (आपल्या लातूरचा काही संबंध नाही) संकर करून पिवळ्या, गुलाबी, लाल जाती काढल्या आणि १८८९ च्या पॅरिसच्या मोठ्या जागतिक प्रदर्शनात मांडल्या. मोनेने त्याच्याच नर्सरीतून लिली मागवल्या. म्हणजे त्या चित्रांमधली रंगीत लिली तेव्हा एकदम नवीन माल होता, आजच्या हिशोबाने म्हणायचं तर लेटेस्ट व्हरायटी.

आणि पूल. मोनेकडे जपानी छापचित्रांचा मोठा संग्रह होता, दोनशेच्या वर चित्रं, हिरोशिगे, होकुसाई, उतामारो वगैरे, आणि ती त्याच्या घराच्या भिंतींवर लावलेली असायची. हिरोशिगेच्या १८५६ च्या एका छापचित्रात एदोमधल्या, म्हणजे आताच्या तोक्योतल्या, कामेइदो देवळातला ढोलासारखा फुगीर पूल आणि पुढे लोंबणारे विस्टेरिया ह्या वेलीच्या फुलांचे घोस आहेत, मोनेच्या पुलाशी त्याचं नातं नुसतं बघूनच कळतं. पण जपानमधे असे पूल बऱ्याचदा लाल रंगवलेले असतात आणि मोनेने आपला हिरवा रंगवला. नंतर कधीतरी पुलावर मांडव घालून विस्टेरियाचा वेल चढवला, म्हणजे जिथे १८९९ मधे एक कमान होती तिथे आता दोन झाल्या, खाली पुलाची आणि वर वेलीची. उशिराच्या चित्रांत जो गुंता दिसतो त्याच्यातला काही भाग सरळ सरळ हा आहे, डोळ्यांचा काही संबंध नाही, बागच दाट झाली होती.

१८९९ आणि १९००

झाडं वाढायला वेळ द्यावा लागला, पूल बांधल्यावर काही वर्षांनी, १८९९ च्या उन्हाळ्यात मोने पुलाच्या मालिकेला नेटाने बसला, आणि १९०० ला पॅरिसमधे द्युराँ-र्‍युएलच्या गॅलरीत त्यातली डझनभर चित्रं लागली. ही चित्रं आता जगभर विखुरलेली आहेत, लंडन, न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन, वॉशिंग्टन, प्रिन्स्टन, फिलाडेल्फिया, मॉस्को, पॅरिस. बहुतेकांत मांडणी सारखीच, पूल चित्राच्या वरच्या अर्ध्यात आडवा, आकाश जवळजवळ नाहीच, लिलीची पानं आडव्या फटकाऱ्यांनी आणि झाडांची प्रतिबिंबं उभ्या. त्या आडव्या-उभ्याच्या विणीतनं पाणी सपाट पण आहे आणि खोल पण आहे असं एकाच वेळी वाटतं. साधी युक्ती आहे पण करून बघा म्हणजे कळेल किती अवघड आहे.

आता ह्यातली एक जोडी महत्त्वाची. पॅरिसच्या म्युझे द'ऑर्सेमधे तळ्याची दोन चित्रं आहेत, एकाला हिरवी सुसंगती म्हणतात, १८९९ चं, आणि दुसऱ्याला गुलाबी सुसंगती, १९०० चं. पूल तोच. दुसऱ्या चित्रात गुलाबी, तांबूस, जांभळट रंग अंगावर येतात. बॉस्टन आणि शिकागोमधली १९०० ची चित्रं पण अशीच जास्त लालसर, जास्त दाट आहेत. तेव्हा मोने साठीचा, आणि मोतीबिंदूचं निदान व्हायला अजून बारा वर्षं होती. म्हणजे हा पूल लालसर रंगवायची कल्पना आजारी डोळ्यातनं आली नाही, ती आधीपासून त्याच्याकडे होती. मोतीबिंदूवाली गोष्ट सांगताना ही जोडी कोणी सहसा दाखवत नाही, कारण दाखवली की गोष्ट बिघडते.

डोळे

१९०१ ला आणखी जमीन घेऊन तळं मोठं केलं, १९०९ ला फक्त पाण्याची ४८ चित्रं एकत्र लावून मोठं प्रदर्शन झालं, ह्या काळात मोनेचं सगळं जोरात चाललं होतं. मग एकामागे एक धक्के. १९११ ला आलिस गेली. १९१२ ला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचं निदान झालं, उजवा जास्त. १९१४ ला मोठा मुलगा जाँ गेला. जाँची बायको ब्लांश ही आलिसची पहिल्या लग्नाची मुलगी, म्हणजे मोनेची सावत्र मुलगी आणि सून दोन्ही, स्वतः चित्रकार, ती झिव्हेर्नीला येऊन राहिली आणि शेवटपर्यंत तिनेच त्याला सांभाळलं. ह्या बाईबद्दल कुणी फार बोलत नाही. बोलायला पाहिजे.

मोतीबिंदूत होतं काय तर डोळ्यातलं नैसर्गिक भिंग गढूळ होत जातं. पण नुसतं गढूळ नाही, वयाने येणाऱ्या नेहमीच्या प्रकारात ते पिवळं आणि मग तपकिरी पडत जातं. पिवळी काच निळा प्रकाश अडवते. म्हणजे निळा, जांभळा हे रंग आधी मळतात, मग काळ्याच्या जवळ जातात, हिरव्यातला निळा गळतो, आणि सगळं एका पिवळट-तांबूस धुक्यात बुडतं. त्यात कडक उन्हात चकाकी सहन होत नाही, कारण गढूळ भिंगात प्रकाश विखुरतो. आपल्याकडे घराघरात हे माहीत आहे, आजी म्हणते लाइटभोवती चक्र दिसतंय, आणि कुणीतरी म्हणतं अजून पिकला नाही, पिकू द्या मग बघू. मोनेच्या काळच्या डॉक्टरांचा सल्ला साधारण हाच होता, घाई नको.

मोनेला पण घाई नव्हती, उलट तो घाबरला होता आणि त्याला कारण होतं. त्याच्या ओळखीची चित्रकार मेरी कसाट, तिची ऑपरेशनं होऊनही नजर गेलीच. चित्रकाराला ऑपरेशन बिघडण्याची किंमत बाकीच्यांपेक्षा जास्त, आणि मोनेला दुसरी भीती अशी होती की ऑपरेशन यशस्वी झालं तरी रंग वेगळे दिसायला लागले तर? ही भीती खरी ठरली, ते पुढे येईलच.

मग साधारण दहा वर्षं त्याने कशी काढली हे त्याने स्वतःच एका पत्रकाराला सांगितलेलं आहे. लाल रंग चिखलट दिसायला लागला, गुलाबी मिळमिळीत, मधले आणि गडद रंग हातातनं निसटायला लागले. मग त्याने पॅलेटवर रंग ठरलेल्या क्रमाने लावायला सुरुवात केली, आणि ट्यूबवरचं लेबल वाचून रंग घ्यायचा. दुपारच्या उन्हात काम बंद, बाहेर पडलं तर मोठ्या काठाची हॅट. हे लेबलचं प्रकरण मला अख्ख्या केसमधला सगळ्यात महत्त्वाचा पुरावा वाटतो, जरा वेळाने त्याच्याकडे येतो.

ह्याच काळात, पहिलं महायुद्ध चालू असताना, त्याने बागेत खास मोठा स्टुडिओ बांधून तळ्याची प्रचंड पॅनेल्स सुरू केली होती, दोन दोन मीटर उंचीची. युद्ध थांबल्याच्या दुसऱ्या दिवशी, १२ नोव्हेंबर १९१८ ला, त्याने जुना मित्र आणि तेव्हाचा पंतप्रधान जॉर्ज क्लेमांसो ह्याला लिहून पॅनेल्स देशाला भेट द्यायची तयारी दाखवली. क्लेमांसो मूळचा डॉक्टर. एप्रिल १९२२ ला सरकारशी रीतसर करार झाला, आणि आता माणूस अडकला, कारण चित्रं पूर्ण करून द्यायची आणि दिसत तर नाही.

ऑपरेशन

सप्टेंबर १९२२ मधे मोने पॅरिसमधे शार्ल कुतेला नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला. उजव्या डोळ्याला फक्त उजेड कळत होता, आणि डाव्याची दृष्टी एक दशांश. डाव्यात बाहुली मोठी करणारे थेंब घालून बघितले, थोडे दिवस बरं वाटलं, मोने खूश, पण ते काही टिकणारं नव्हतं. क्लेमांसो मागे लागलेलाच होता. शेवटी जानेवारी १९२३ मधे पॅरिसला लागून असलेल्या नॉयीच्या क्लिनिकमधे उजव्या डोळ्याचं ऑपरेशन दोन टप्प्यांत झालं, आधी बुबुळाच्या पडद्याचा तुकडा काढला, मग महिनाअखेरीला भिंग.

आज आपल्याकडे मोतीबिंदूचं ऑपरेशन म्हणजे सकाळी जायचं आणि दुपारी घरी जेवायला. तेव्हा ऑपरेशननंतर दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या, कित्येक दिवस डोकं न हलवता उताणं पडून राहायचं. बयाऐंशी वर्षांचा तापट माणूस, हातात ब्रश नाही, सिगरेट नाही, तो काय पडून राहतोय. त्याने पट्ट्या ओढायचा प्रयत्न केला, आदळआपट केली. वर काही महिन्यांत मागे राहिलेला पातळ पापुद्रा गढूळ झाला, म्हणून जुलैमधे पुन्हा एक छोटं ऑपरेशन. हा पापुद्रा गढूळ होण्याचा प्रकार आजही होतो, आता लेसरने दोन मिनिटांत उडवतात. मोनेने मधल्या काळात कुतेलाला रागारागाने लिहिलं की ऑपरेशन केलं हेच चुकलं, मला ह्या अवस्थेत आणणं हा गुन्हा आहे. डॉक्टरने नुसतं सहन केलं असावं, दुसरं काय करणार.

चष्मा

डोळ्यात कृत्रिम लेन्स बसवणं १९४९ ला लंडनमधे हॅरॉल्ड रिडलीने सुरू केलं, म्हणजे मोनेसाठी तो पर्याय नव्हताच. भिंग काढलं की ती सगळी ताकद चष्म्यात घालावी लागायची, बाटलीच्या बुडासारख्या जाड काचा. आपल्याकडच्या मागच्या पिढ्यांतले म्हातारे असेच चष्मे लावायचे. ह्या काचांनी वस्तू पाव पटीच्या वर मोठी दिसते, आणि दुसऱ्या, ऑपरेशन न झालेल्या डोळ्याला ती नेहमीच्या मापाची दिसते, मेंदूला दोन्ही जुळवता येत नाहीत, सगळं दुहेरी. मोनेला एक डोळा झाकून काम करावं लागलं. कडेचं वाकडं दिसायचं ते वेगळंच. पाण्यावरच्या आडव्या पानांचा अख्खा खेळ ज्याने रचला त्याला सरळ रेष वाकडी दिसतेय, विचार करा.

आणि रंग. पिवळं भिंग निघाल्यावर इतकी वर्षं अडलेला निळा एकदम आत आला. मोने म्हणायला लागला सगळं निळं दिसतंय, मग काही दिवस म्हणे पिवळं जास्त दिसतंय. नैसर्गिक भिंग अतिनील प्रकाश पण बऱ्यापैकी अडवतं, ते नसलं तर त्याचा थोडा अंश डोळ्यामागच्या पडद्यापर्यंत पोचू शकतो, आणि ह्याच्यावरनं मोनेला मधमाशीसारखं अतिनील दिसायचं अशी एक भन्नाट गोष्ट फिरत असते. शास्त्र म्हणून अशक्य नाही, पण कॅनव्हासवर बोट ठेवून हा बघा अतिनील असं दाखवता येत नाही, तेव्हा ती गोष्ट मी बाजूला ठेवतो.

१९२४ ला जाक मावास नावाचा दुसरा डॉक्टर आला, त्याने झाइसच्या रंगीत काचा दिल्या, वेगवेगळ्या छटा करून बघितल्या, आणि हळूहळू गाडं रुळावर आलं. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन मात्र मोनेने शेवटपर्यंत करू दिलं नाही. १९२५ च्या जानेवारीत वैतागून पॅनेल्सची भेटच रद्द करतो असं कळवलं आणि क्लेमांसो प्रचंड संतापला, पण त्याच उन्हाळ्यात पत्रांत सूर बदलला, आता पुन्हा दिसतंय, कामात आनंद आहे. ५ डिसेंबर १९२६ ला मोने वारला. पॅनेल्स तेव्हाही स्टुडिओतच होती, मरेपर्यंत त्याने ती हातातनं सोडलीच नाहीत. १७ मे १९२७ ला पॅरिसच्या ओरांजरी म्युझियममधे ती खुली झाली.

मग तांबडा कुठनं आला

स्टॅनफर्डचे डोळ्यांचे डॉक्टर मायकेल मार्मर ह्यांनी २००६ मधे कॉम्प्युटरवर मोनेच्या मोतीबिंदूतनं ती बाग आणि ती चित्रं कशी दिसली असतील हे करून दाखवलं. बघितलं की काळजात चर्र होतं, हिरवा पूल आणि तांबडा पूल त्या पिवळ्या धुक्यातनं जवळपास सारखेच मातकट दिसतात. ह्याच्यावरनं लोक लगेच म्हणतात, बघा, त्याला असंच दिसत होतं म्हणून त्याने असंच काढलं.

पण थांबा. इथे एक मोठा लोचा आहे. मोनेचा डोळा पिवळा झाला तर पूलही त्या पिवळ्यातनं दिसणार आणि कॅनव्हासही त्याच पिवळ्यातनं दिसणार. पुलाशी जुळेपर्यंत तो रंग कालवत बसला तर जुळल्यावर चित्र आपल्याला पण बऱ्यापैकी हिरवंच दिसायला पाहिजे, कारण गाळणी दोन्हीकडे एकच, तिचा परिणाम कटून जातो. म्हणजे पिवळा डोळा बरोबर पिवळं चित्र हे गणित इतकं सरळ नाहीच.

गाळणीचा परिणाम कटत नाही अशा वाटा मला तीन दिसतात. पहिली, ज्या रंगांतला फरकच त्याला कळत नाही तिथे चूक झाली तरी त्याला पत्ता लागणार नाही. गडद निळ्याच्या जागी काळपट जांभळा गेला, तर त्याला दोन्ही सारखेच. पण ही चूक कुठल्याही दिशेला व्हायला पाहिजे, सगळी चित्रं ठरवून तांबड्याकडेच का झुकतील? दुसरी वाट आठवणीची. तो जुना हिरवा आठवून कॅनव्हास तसा दिसावा म्हणून धडपडला तर पिवळं धुकं कापायला त्याला निळा जास्तच ओतावा लागेल, म्हणजे चित्र उलटं निळं होईल. तिसरी वाट म्हणजे ते लेबल. समोर नारिंगी-तपकिरी दिसतंय, आणि पॅलेटवरच्या रंगांवर डोळ्यांचा भरवसा नाही, म्हणून हात ठरलेल्या जागेकडे जातो, ट्यूबवर लिहिलंय कॅडमियम पिवळा, लिहिलंय व्हर्मिलियन, म्हणजे शेंदरी लाल. इथे कॅनव्हास डोळ्याने तपासायची साखळी तुटते, दिसलेल्या रंगाचं नाव मनात तयार होतं आणि नावाचा रंग चित्रात जातो. फक्त ह्या वाटेने मोतीबिंदूचा पिवळेपणा सरळ कॅनव्हासवर उतरू शकतो. म्हणून मघाशी म्हटलं की लेबल हा खरा पुरावा आहे. मोनेने १९०५ मधे कळवलेली स्वतःच्या रंगांची यादी छोटी आहे, पांढरा, कॅडमियम पिवळा, व्हर्मिलियन, गडद मॅडर लाल, कोबाल्ट निळा, एमरल्ड हिरवा, बस. त्यात तपकिरी नाही, काळाही नाही. हीच यादी पुढे चालू राहिली असं धरलं तर त्या पुलांवरचा तपकिरी लाल-हिरवा एकमेकांत घोटून तयार झालाय, आणि ज्याला तो घोट मळतोय हे दिसत नाही त्याचा हात थांबत नाही. हे मला पटतं.

पण ह्याच्याविरुद्ध पण जबरदस्त पुरावा आहे आणि तो ओरांजरीत भिंतभर लावलाय. ती पॅनेल्स त्याच वर्षांत, त्याच डोळ्यांनी, त्याच ब्रशने चालली होती, आणि त्यातली बरीच निळी, जांभळी, हिरवी आहेत. कुणी म्हणेल ऑपरेशननंतर दुरुस्त केली, आणि केली हे खरं आहे, बिघडलेले कॅनव्हास त्याने फाडले, जाळले, काहींवर पुन्हा रंगवलं. ठीक. मग पूल का नाही दुरुस्त केले? ते पण त्याच स्टुडिओत पडून होते. नवीन चष्मा लावून १९२५ मधे त्याने ते बघितलेच असणार, आणि जे पसंत नाही ते नष्ट करायची सवय तर होतीच. तरी ते राहिले. माझ्या मते ह्याचा अर्थ, जे मोतीबिंदूमुळे सुरू झालं ते बघून त्याने, निदान काही कॅनव्हासपुरतं, हे चालेल असं ठरवलं. १९०० ची गुलाबी सुसंगती आठवा. लालसर पूल त्याला परका नव्हता.

अजून एक जोडी आहे, गुलाबाच्या बागेतनं दिसणारं त्याचं घर, १९२२ ते २४ ची चित्रं, पॅरिसच्या मार्मोताँ म्युझियममधे. एक लाल पेटलेलं, एक निळं. नेत्रतज्ज्ञ म्हणतात लाल हे डाव्या, मोतीबिंदूवाल्या डोळ्याचं आणि निळं उजव्या, भिंग काढलेल्या डोळ्याचं. ऐकायला फारच छान लागतं, दोन डोळे दोन चित्रं. पण एकाच विषयाची वेगवेगळ्या रंगांत मालिका करणं हा तर मोनेचा तीस वर्षांचा धंदा होता, गवताच्या गंजी, रुआँचं कॅथेड्रल, तेव्हा कुठे डोळ्यांत मोतीबिंदू होता? तज्ज्ञांचं बरोबर असू शकतं, मी फक्त एवढंच म्हणतो की ह्या माणसाच्या बाबतीत दोन रंगांतली दोन चित्रं हा आजाराचा पुरावा होऊ शकत नाही.

ही केस कायमची उघडी राहण्याचं कारण अगदी रटाळ आहे, तारखा. उशिराच्या पुलांवर मोनेने तारीख टाकली नाही, बहुतेकांवर सही पण नाही, नंतर मुलगा मिशेलने सहीचे शिक्के मारले. म्युझियमच्या पाट्यांवर १९१८-२४ असं लिहितात आणि ऑपरेशन नेमकं त्याच्या आत पडतं, म्हणजे एखादं विशिष्ट चित्र ऑपरेशनच्या आधीचं की नंतरचं हेच छातीठोकपणे सांगता येत नाही. ते विकले पण नाहीत, त्यामुळे व्यापाऱ्याची पावती नाही, प्रदर्शनाची यादी नाही. मिशेल १९६६ मधे कार अपघातात गेला आणि त्याच्या मृत्युपत्राने त्याच्याकडची चित्रं मार्मोताँला आली.

तेव्हा कुणाचं पॅरिसला जाणं होणार असेल तर क्रम असा ठेवा, आधी ऑर्सेमधली हिरवी आणि गुलाबी सुसंगती बघा, मग ओरांजरी, आणि मार्मोताँचे तांबडे पूल सगळ्यात शेवटी. बहुतेक लोक उलटं करतात, मोतीबिंदूची गोष्ट आधीच ऐकून थेट मार्मोताँला जातात आणि मग त्यांना तिथे फक्त मोतीबिंदूच दिसतो.